ओव्हर द कॅप : क्वार्टरबॅकच्या सौद्याचा खरा हिशोब दाखवणारी साइट

मार्च उजाडला की अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: अमुक क्वार्टरबॅकला (संघाचं आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला) सोडलं, विकलं किंवा नव्याने करारबद्ध केलं तर आपल्या संघाला परवडेल का? या प्रश्नावरचे बहुतेक वाद बातमीच्या मथळ्यातला आकडा धरून चालतात. 'पाच वर्षं, साडेचोवीस कोटी डॉलर' असं वाचायचं, त्याला पाचने भागायचं आणि निकाल द्यायचा. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमधला पगार असा मोजला जात नाही. तो कसा मोजला जातो हे दाखवणारी सर्वांत उपयोगी जागा म्हणजे 'ओव्हर द कॅप'. जेसन फिट्झजेराल्ड यांनी उभी केलेली ही साइट बत्तीसही संघांच्या खेळाडूंचे करार वर्षवार फोड करून देते आणि तिची मूळ माहिती फुकट आहे. ती कशी वापरायची, कुठे फसायला होतं आणि तिची प्रतिस्पर्धी 'स्पॉट्रॅक' कुठे सरस ठरते, हे इथे सविस्तर सांगतो.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याने एक गोष्ट आधीच मनातून काढून टाकावी. २०२५च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं, तेवढे सरळ वजा झाले. उद्या त्याला सोडलं तर तेवढे परत हाताशी येतात. एनएफएलमध्ये खेळाडू गेला तरी त्याचा बोजा मागे राहू शकतो. त्यालाच 'डेड मनी' म्हणतात आणि क्वार्टरबॅकच्या बाबतीत सगळा खेळ त्याच्याभोवती चालतो. संघाने वर्षाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याच्या मर्यादेला 'कॅप' म्हणतात. १९९४ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा प्रत्येक संघाला ३.४६ कोटी डॉलर होती. २०२४ला ती २५.५४ कोटी झाली आणि २०२५ला २७.९२ कोटी. मधल्या काळात कोविडच्या फटक्याने ती १९.८२ कोटींवरून २०२१ला १८.२५ कोटींवर घसरली होती.

संघाचं पान उघडल्यावर प्रत्येक खेळाडूसमोर रकान्यांची लांब रांग दिसते: मूळ पगार, विभागलेला बोनस, रोस्टर बोनस, वर्कआउट बोनस, हमीची रक्कम, कॅप नंबर (त्या वर्षी कॅपमध्ये धरला जाणारा एकूण आकडा) आणि शेवटी डेड मनी व बचत. नवखा माणूस थेट कॅप नंबरवर जातो. आधी 'विभागलेला बोनस' बघावा. साइनिंग बोनस, म्हणजे सही केल्याबद्दलची रक्कम, खेळाडूच्या खिशात लवकर जातो, पण हिशोबाच्या वहीत तो करारातल्या वर्षांवर समान वाटला जातो, जास्तीत जास्त पाच वर्षांवर. खेळाडू मधेच गेला की अजून वाटायचे राहिलेले सगळे हप्ते एकदम पुढे येतात. ही एवढी गोष्ट समजली की उरलेलं पान आपोआप वाचता येतं.

त्याच पानावर शेवटच्या दोन रकान्यांच्या वर एक निवड असते: १ जूनपूर्वी काढणं, १ जूननंतर काढणं, १ जूनपूर्वी ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल), १ जूननंतर ट्रेड, रिस्ट्रक्चर (पगाराचं बोनसमध्ये रूपांतर), मुदतवाढ. ही निवड बदलली की डेड मनी आणि बचत दोन्ही बदलतात. वादात आकडा फेकताना आपण कुठल्या निवडीखाली तो वाचला हे सांगितलं नाही, तर समोरचा वेगळा आकडा घेऊन येतो आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. अर्धे वाद इथेच मिटतात.

या साइटची ताकद कशात आहे हे रसेल विल्सनच्या डेन्व्हरमधल्या प्रकरणातून नीट कळतं, म्हणून ते पूर्ण मांडतो. मार्च २०२२मध्ये सिअ‍ॅटलकडून तो डेन्व्हरला आला आणि त्याच वर्षी पाच वर्षांची २४.५ कोटींची मुदतवाढ झाली. त्यात ५ कोटींचा साइनिंग बोनस होता, म्हणजे २०२२ ते २०२६ दरवर्षी १ कोटी. २०२३ला २ कोटींचा ऑप्शन बोनस (संघाने करारातला पर्याय वापरला की द्यायचा, साइनिंग बोनससारखाच विभागला जाणारा) दिला गेला, म्हणजे २०२३ ते २०२७ दरवर्षी ४० लाख. २०२४साठी ३.९ कोटींची हमी होती: १.७ कोटी मूळ पगार आणि २.२ कोटींचा आणखी एक ऑप्शन बोनस. हा दुसरा बोनस वापरला असता तर तोही पाच वर्षांवर पसरून २०२४च्या वाट्याला त्यातले फक्त ४४ लाख आले असते. म्हणजे विल्सन संघात राहता तर २०२४चा कॅप नंबर १.७ कोटी, १ कोटी, ४० लाख आणि ४४ लाख मिळून ३.५४ कोटी.

काढलं तर? हमीचे ३.९ कोटी त्याच वर्षी पूर्ण लागू होतात, कारण जो बोनस पसरायचा होता तो आता पसरण्याला वावच उरत नाही. त्यावर जुन्या बोनसचे उरलेले हप्ते: पहिल्याचे ३ कोटी, दुसऱ्याचे १.६ कोटी. एकूण ८.५ कोटी. '१ जूननंतर' या पर्यायात जुन्या बोनसचा फक्त त्या वर्षीचा हप्ता त्या वर्षी बसतो, बाकीचे पुढच्या वर्षावर जातात. तो निवडल्यावर २०२४च्या वाट्याला ३.९ अधिक १ अधिक ०.४, म्हणजे ५.३ कोटी आले आणि उरलेले ३.२ कोटी २०२५वर गेले. मार्च २०२४मध्ये डेन्व्हरने हेच केलं. खेळाडू घालवून त्या वर्षीचा बोजा ३.५४ कोटींवरून ५.३ कोटींवर गेला! 'काढा म्हणजे पैसे वाचतील' असं म्हणणाऱ्याला ही बेरीज दाखवावी.

मग डेन्व्हरने काढलं का? कारण २०२५च्या पगाराचे ३.७ कोटी मार्च २०२४मध्ये नवं लीग वर्ष सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी हमीचे होणार होते. त्या तारखेआधी निर्णय घेतला नसता तर पुढच्या वर्षीही हाच पेच, आणखी मोठ्या आकड्यासह, समोर आला असता. खेळाडूच्या स्वतंत्र पानावर कराराच्या तक्त्यासोबत अशा तारखांच्या नोंदी दिलेल्या असतात. लोक त्या वाचत नाहीत. माझ्या मते संपूर्ण साइटवर सर्वांत मोलाचा मजकूर तोच आहे. मार्चमध्ये एखादा क्वार्टरबॅक अचानक का सोडला गेला याचं उत्तर दहापैकी बऱ्याच वेळा तिथल्या एका ओळीत सापडतं.

याच प्रकरणाचा दुसरा पदर: विल्सनला पिट्सबर्गने किमान वेतनावर, १२.१ लाखांना घेतलं. त्याच्या हमीत ऑफसेट कलम असल्यामुळे तेवढी रक्कम डेन्व्हरच्या देण्यातून वजा झाली आणि डेन्व्हरने उरलेले ३ कोटी ७७.९ लाख दिले. ही वजावट साइटवर लगेच दिसत नाही, कारण नवा संघ ठरेपर्यंत ती घडलेलीच नसते. काढल्याच्या दिवशीचा डेड मनीचा आकडा अखेरचा समजू नये.

'१ जूननंतर' या पर्यायाबद्दल दोन अटी कायम विसरल्या जातात. मार्चमध्येच काढून हा पर्याय लावायचा असेल तर संघाला वर्षाला फक्त दोन खेळाडूंसाठी तो मिळतो. आणि बचत २ जूनलाच हाती येते. तोवर खेळाडूचा पूर्ण कॅप नंबर वहीवर बसून राहतो. म्हणजे मार्चमध्ये नवा क्वार्टरबॅक घ्यायला तो पैसा वापरताच येत नाही. साइटच्या कॅल्क्युलेटरमध्ये (संघाचा हिशोब स्वतः करून पाहायच्या सोयीत) हा पर्याय निवडून लगेच त्याच पैशात दुसरा खेळाडू बसवणं ही तिथली सर्वांत मोठी चूक आहे. ट्रेडसाठी तर अशी आगाऊ नोंद करायची सोयच नाही. ट्रेड प्रत्यक्ष १ जूननंतर व्हावा लागतो. अटलांटाने ज्युलिओ जोन्सला २०२१मध्ये ६ जूनला टेनेसीकडे पाठवलं ते म्हणूनच. उलट ग्रीन बेने अ‍ॅरन रॉजर्सला एप्रिल २०२३मध्ये जेट्स संघाकडे दिलं आणि ४ कोटींहून जास्त डेड मनी एकाच वर्षात सोसला.

ट्रेड आणि काढणं यातला फरक साइट फार स्पष्ट दाखवते. ट्रेडमध्ये विभागलेला बोनस जुन्या संघाकडे राहतो, पण पुढचा मूळ पगार आणि न दिलेले बोनस, हमीचे असले तरी, नव्या संघाकडे जातात. २०२२ला मॅट रायन अटलांटाहून इंडियानापोलिसला ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधल्या) तिसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात गेला. त्याचा कॅप नंबर ४.८७ कोटींच्या आसपास होता आणि मागे डेड मनी राहिला ४.०५ कोटी. बचत साधारण ८१ लाख. एवढ्याशा बचतीसाठी फ्रँचाइझीचा चेहरा का दिला असा सवाल तेव्हा खूप झाला. पण बघायचं होतं ते पुढच्या वर्षाच्या रकान्यात: तिथे रायनच्या नावासमोर शून्य उरलं होतं. साइटवर वर्ष बदलण्याची सोय वरच असते. ट्रेडवर मत देण्याआधी किमान दोन पुढची वर्षं उघडून पाहावीत.

कॅल्क्युलेटर आकडे दाखवतो, परवानगी दाखवत नाही. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटच्या करारात ट्रेडबंदीचं कलम आहे आणि त्याच्यावर फ्रँचाइझी टॅगही (करार संपल्यावर खेळाडूला एका वर्षासाठी अडवून ठेवायची संघाची सोय) लावता येत नाही. त्याच्या ट्रेडचे रकाने भरलेले दिसले म्हणून तो सौदा होऊ शकतो असं नाही. खेळाडूने स्वतः होकार दिला तरच. तसंच तारखांचं. मॅथ्यू स्टॅफर्ड आणि जॅरेड गॉफ यांची अदलाबदल जानेवारी २०२१च्या अखेरीस ठरली, पण वहीत ती मार्चमध्ये नवं लीग वर्ष उघडल्यावरच उतरली. स्टॅफर्डला घ्यायला रॅम्स संघाने पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड दिली, गॉफचा २ कोटींवरचा डेड मनी अंगावर घेतला आणि त्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. डेड मनी मोठा म्हणजे निर्णय वाईट, असं समीकरण मांडणाऱ्यांना हे उदाहरण पुरेसं आहे.

आता रिस्ट्रक्चर. इथे हाताने हिशोब करता आला पाहिजे, कारण साइटवरचा आकडा कुठल्या गृहीतकावर आहे ते तपासता येतं. कृती अशी: मूळ पगारातून त्या खेळाडूचं किमान वेतन वजा करा. उरलेली रक्कम बोनसमध्ये बदलता येते. तिला करारातल्या उरलेल्या वर्षांनी भागा, पाचपेक्षा जास्त नाही. एक हप्ता या वर्षी राहतो, बाकीचे पुढे जातात. तेवढी बचत. क्लीव्हलंडचा डिशॉन वॉटसन याचं ठळक उदाहरण आहे. २०२२मध्ये त्याला पाच वर्षांसाठी २३ कोटी दिले गेले, सगळे हमीचे. २०२३ला त्याचा कॅप नंबर साडेपाच कोटींच्या घरात जाणार होता. ४.६ कोटींच्या मूळ पगारातून १०.८ लाख किमान वेतन ठेवून ४.४९ कोटी बोनस केला, पाचने भागला, हप्ता आला ८९.८ लाख. कॅप नंबर १.९ कोटींवर उतरला. करारात तेव्हा खरी वर्षं चारच उरली होती. पाचवं वर्ष नावापुरतं जोडलं गेलं. त्याला व्हॉइड वर्ष म्हणतात: खेळाडू त्या वर्षी करारात नसतो, फक्त हप्ता बसवायला जागा असते. साइटवर रिस्ट्रक्चरची बचत वाचताना ती किती वर्षांनी भागली आहे हे आधी पाहा. वरच्याच उदाहरणात चारने भागलं तर कॅप नंबर १.९ऐवजी २.१ कोटींच्या पुढे राहतो.

आणि यात पैसा कुठेही नाहीसा होत नाही. क्लीव्हलंडने हेच पुढच्या वर्षांतही केलं आणि प्रत्येक वेळी पुढचा खड्डा खोल झाला. टँपा बेने टॉम ब्रेडीच्या करारात व्हॉइड वर्षं लावली होती, त्याचे सुमारे साडेतीन कोटी २०२३ला वहीवर आले. त्या मोसमात ब्रेडी निवृत्त होता आणि टँपाने बेकर मेफिल्डला एका वर्षासाठी ४० लाखांत उभं केलं. कॅल्क्युलेटरवर सगळ्यांना रिस्ट्रक्चर करून 'बघा, १० कोटी मोकळे झाले' म्हणणं सोपं आहे. त्याच पानावर दोन वर्षं पुढे जाऊन एकूण बेरीज पाहिल्याशिवाय ते कुणासमोर ठेवू नये.

संघांची यादी पाहताना दोन आकडे शेजारी दिसतात: कॅप स्पेस आणि इफेक्टिव्ह कॅप स्पेस. दुसराच खरा. मोसम सुरू होईपर्यंत सर्वांत महागडे ५१ खेळाडूच मोजले जातात. एखाद्या संघाकडे फेब्रुवारीत चाळीसच खेळाडू करारबद्ध असतील तर मोकळी जागा फुगलेली दिसते. उरलेल्या अकरांचं किमान वेतन आणि ड्राफ्टमधून येणाऱ्यांचा खर्च वजा केल्यावर जे उरतं ते इफेक्टिव्ह. ड्राफ्टचा खर्च मोजतानाही पूर्ण पगार धरायचा नसतो. नवा खेळाडू ५१च्या यादीत शिरतो तेव्हा तळाचा एक बाहेर पडतो, त्यामुळे खरा बोजा दोघांतल्या फरकाइतकाच. मोसमात मात्र हा नियम नाही. तेव्हा सगळेच मोजले जातात, म्हणून सप्टेंबरसाठी थोडी रक्कम राखून ठेवलेली नसलेला आराखडा कागदावरच राहतो.

करारांच्या तुलनेसाठी साइटवरचा कराराच्या वर्षीच्या कॅपशी टक्केवारीचा रकाना वापरावा, डॉलरचा नाही. पॅट्रिक माहोम्सची २०२०ची दहा वर्षांची ४५ कोटींची मुदतवाढ वर्षाला ४.५ कोटींची होती. तेव्हाच्या कॅपच्या २२.७ टक्के. प्रेस्कॉटची २०२४ची चार वर्षांची २४ कोटींची मुदतवाढ वर्षाला ६ कोटींची, म्हणजे २३.५ टक्के. दीड कोटींचा फरक टक्क्यात जेमतेम पाऊण आहे. जॉश अ‍ॅलनचा मार्च २०२५चा सहा वर्षांचा ३३ कोटींचा करार तर १९.७ टक्क्यांवर येतो. बफेलोने किती चांगला सौदा केला हे डॉलरच्या यादीत कधीच दिसणार नाही.

फ्री एजन्सीत (करार संपून मोकळे होऊन दुसऱ्या संघात) गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात मिळणाऱ्या ड्राफ्टमधल्या भरपाई निवडींचा तक्ताही इथेच आहे, निक कॉर्टे तो सांभाळतात. गेलेले आणि आलेले खेळाडू समोरासमोर रद्द होत जातात, ते रंगांनी दाखवलेलं असतं. एवढंच लक्षात ठेवावं की काढून टाकलेला खेळाडू यात धरला जात नाही, पण व्हॉइड होऊन मोकळा झालेला धरला जातो. म्हणून विल्सन गेल्याबद्दल डेन्व्हरला काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण करार व्हॉइड होऊन २०२४ला अटलांटाकडे चार वर्षं १८ कोटींवर गेलेला कर्क कझिन्स मिनेसोटाच्या खात्यात मोजला गेला. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर केलेले करार या हिशोबात येत नाहीत, म्हणून काही अनुभवी खेळाडू मेपर्यंत घरी बसलेले दिसतात.

स्पॉट्रॅककडे वळू. तिची जमेची बाजू म्हणजे रोख रकमेचा हिशोब: कुठल्या वर्षी खेळाडूच्या खात्यात प्रत्यक्ष किती गेले. मालक किती खर्च करतो हा वाद असेल तर तीच उघडावी. बास्केटबॉल, बेसबॉल, आइस हॉकी असे इतर खेळही तिथे आहेत, त्यामुळे अमेरिकेत राहून तीन-चार लीग पाहणाऱ्याला एकच सवय पुरते. प्रत्येक मोठ्या करारासमोर 'इथून बाहेर पडता येईल' असं वर्ष दिलेलं असतं. ते चटकन समजतं पण दिशाभूलही करतं, कारण रिस्ट्रक्चर झालं की ते वर्ष पुढे सरकतं आणि लोक जुनं लक्षात ठेवतात. काही साधनं पैसे भरणाऱ्यांसाठीच आहेत. फक्त एनएफएल बघणाऱ्याला त्यासाठी पैसे भरायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही साइटवर एकाच संघाची मोकळी जागा काही लाखांनी वेगळी दिसली तर गोंधळू नये. कुणी कालचा करार चढवलेला असतो, कुणी नाही. कुणी संभाव्य प्रोत्साहन रक्कम धरलेली असते. अशा वेळी खेळाडू संघटना एनएफएलपीए स्वतःच्या साइटवर संघनिहाय मोकळ्या जागेचा अहवाल प्रसिद्ध करते, तो प्रमाण मानावा. त्यात खेळाडूनिहाय फोड नसते, फक्त बेरीज.

उणीव सांगायची तर तक्ते रुंद आहेत. फोन उभा धरून वाचले तर नेमके शेवटचे दोन रकाने, जे आपल्याला हवे असतात, ते सरकवत न्यावे लागतात आणि खेळाडूच्या ओळीची चुकामूक होते. संगणकावरच बसावं, नाहीतर फोन आडवा धरावा. दुसरं, फ्री एजन्सीच्या पहिल्या दोन दिवसांत दिसणारे करार एजंटांकडून बाहेर आलेल्या आकड्यांवर असतात: त्यात मिळतीलच असं नाही अशी प्रोत्साहन रक्कम मिसळलेली असते आणि वर्षवार फोड अंदाजे असते. खरी फोड आली की कॅप नंबर बराच बदलू शकतो. तोवर डोक्यात पेन्सिलनेच लिहावं.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी वेळा: मार्चमध्ये नवं लीग वर्ष सुरू होण्याआधीच्या सोमवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ला एजंटांशी बोलणी खुली होतात, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ. नवं लीग वर्ष बुधवारी तिथल्या दुपारी ४ला, म्हणजे आपल्याकडे गुरुवारच्या पहाटे दीडला सुरू होतं. सोमवारी रात्री झोपण्याआधी आपल्या संघाचं पान उघडून इफेक्टिव्ह कॅप स्पेस, क्वार्टरबॅकच्या हमीच्या तारखा आणि पुढच्या दोन वर्षांची बेरीज लिहून ठेवावी. गुरुवारी सकाळी तेच पान पुन्हा उघडून काय हललं ते पाहावं.